डाखाचे सोवळे

सौर घट म्हणजे सूर्यप्रकाश अंगावर पडला असता दोन पृष्ठांमध्ये विजेचा दाब उत्पन्न करणारी सिलिकॉनची पातळ चकती, अशी व्याख्या पाठ्यपुस्तकांत आढळते. ती बरोबर असली तरी अपुरी आहे, कारण असे घट एकमेकांना जोडून घरच्या घरी पॅनेल तयार करण्याचा संकल्प ज्याने एकदा सोडला, त्याच्या लेखी सौर घट म्हणजे हात लावण्यापूर्वी तडकणारी, हात लावल्यावर मळणारी आणि हात काढून घेतल्यावर डाख सोडणारी वस्तू होय. डाख हा शब्द येथे जुन्या अर्थानेच घ्यावयाचा आहे. दोन धातू स्वतः न वितळता त्यांच्यामध्ये लवकर वितळणारा तिसरा मिश्रधातू वाहवून ते सांधणे, याला कारागीर पिढ्यानपिढ्या डाख देणे म्हणत आले. पुढे रेडिओ आला, त्याच्याबरोबर सोल्डरिंग हा शब्द आला, आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी त्याचे ‘सोल्डर मारणे’ केले. या क्रियापदातील हिंसेची छटा रेडिओच्या बाबतीत अलंकारिक होती. सौर घटाच्या बाबतीत ती वस्तुस्थितीचे वर्णन ठरते.

या उद्योगाचा विचार नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुका डोळ्यांसमोर ठेवून करण्यास सबळ कारण आहे. १९४८ पर्यंत संस्थान असलेला हा डोंगराळ, बहुतांश आदिवासी मुलूख जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गुजरातच्या सीमेवर वसला असून, नार आणि पार या येथील नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि ते सारे पाणी बघता बघता गुजरातेत उतरून अरबी समुद्राला मिळते. त्यामुळे चार महिने डोक्यावरचे घोंगडे न काढणारा माणूस उन्हाळा लागताच हंडा घेऊन पाण्याच्या शोधात निघतो. उन्हाचे गणितही याच धर्तीचे आहे. तालुका साडेवीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा जुलैच्या. परंतु ही दुसरी भेट ढगांच्या इतक्या जाड पडद्याआड उरकली जाते की तिची दखल खगोलशास्त्राच्या कोष्टकांखेरीज कोणी घेत नाही. पाणी आणि ऊन ही दोन्ही दाने निसर्गाने सुरगाण्याच्या पदरात भरभरून टाकली, फक्त ती साठवावीत कशात, हे सांगावयाचे राहिले.

सौर पॅनेल ही वस्तू या भागाला अपरिचित आहे, असे मात्र कोणी समजू नये. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये सुरगाण्याच्या माणसांचा भरणा मोठा होता, आणि सुमारे १८० किलोमीटरच्या त्या वाटचालीतील गाजलेल्या छायाचित्रांपैकी एकात एक शेतकरी डोक्यावर सौर पॅनेल घेऊन, त्यावर स्वतःचा आणि सोबत्यांचे मोबाइल चार्ज करीत चालताना दिसतो. पॅनेल कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी कललेले असावे, यावर अभियांत्रिकीच्या ग्रंथांत प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची पडली आहेत. नाशिकहून मुंबई नैर्ऋत्येला आहे, दुपारनंतरचा सूर्यही त्याच अंगाला झुकतो, आणि मान हे सर्व दिशांना वळणारे बिजागर आहे, या तीन गोष्टींच्या आधारे तो प्रश्न कसारा घाटातच सुटला. मुंबईतील शेवटचा टप्पा मात्र दहावीच्या परीक्षार्थींची गैरसोय होऊ नये म्हणून रातोरात पार करण्यात आला, आणि रात्रीच्या प्रहरी सौर पॅनेल हे डोक्यावरचे निव्वळ ओझे असते, हा पदार्थविज्ञानाचा सिद्धान्तही त्याच यात्रेत तपासून झाला.

डोक्यावरचे ते पॅनेल विकत घेतलेले होते, घरी बनविलेले नव्हते, आणि याच ठिकाणी शहाणा आणि हौशी यांच्या वाटा वेगळ्या होतात. १९७७ साली, ज्या वर्षी साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने भारतातील पहिला सौर घट तयार केला, त्या वर्षी जागतिक बाजारात घटाची किंमत वॉटमागे सुमारे ७६ डॉलर होती. तेव्हा घरी पॅनेल जुळविणे हे घरी विमान जुळविण्याइतकेच व्यवहार्य होते. पुढे किमती कोसळल्या, कारखान्यांतून कोपरे उडालेले, रंग उतरलेले, तपासणीत नापास झालेले घट किलोच्या भावाने बाहेर पडू लागले, आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एव्हरग्रीन सोलर या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केल्यावर तर त्यात आणखी भर पडली. नेमक्या याच काळात तयार पॅनेलही स्वस्त झाले, त्यामुळे घट, तांब्याची पट्टी, काच, ॲल्युमिनियमची चौकट, सिलिकोनच्या नळ्या, डायोड, मल्टिमीटर आणि तीन वेळा बदललेले सोल्डरिंग आयर्न यांची बेरीज केली असता घरगुती पॅनेल दुकानातल्यापेक्षा महाग पडते. ही बेरीज आजवर कोणत्याही कर्त्याने केलेली नाही. ‘कर्ता’ हा शब्द येथे व्याकरणातून घेतला आहे: वाक्यात क्रिया करणारा तो कर्ता, आणि तिचे फळ भोगणारे कर्म बहुधा घरातील इतर मंडळी असतात.

घटाच्या देहाची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. त्याची जाडी साधारण एक पंचमांश मिलिमीटर असते. सुरगाण्यात घरोघरी होणारा नागलीचा पापड त्याच्याशेजारी ठेवला तर पाट्यासारखा वाटावा. त्याची निळी बाजू सूर्याकडे राहते आणि निळेपणा हा सिलिकॉनचा नसून प्रकाश परावर्तित होऊन वाया जाऊ नये म्हणून चढविलेल्या सिलिकॉन नायट्राइडच्या थराचा असतो, ज्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. या निळाईवर केसासारख्या बारीक चंदेरी रेघा आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या दोन-तीन रुंद पट्ट्या दिसतात. रेघा घटाच्या कानाकोपऱ्यातून वीज गोळा करतात आणि ती रुंद पट्ट्यांच्या हवाली करतात. पट्ट्यांना बसबार म्हणतात, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या एसटी थांब्याप्रमाणे सर्व पाड्यांवरून आलेली गर्दी येथेच जमते. मागची बाजू करड्या ॲल्युमिनियमने सारवलेली असते आणि तिच्यावर मोजके चंदेरी ठिपके असतात. साधा डाख ॲल्युमिनियमला धरत नाही, तो फक्त त्या ठिपक्यांनाच धरतो, हे सत्य प्रत्येक कर्ता पहिल्या तीन घटांच्या मोबदल्यात स्वतः शोधून काढतो.

प्रवासात तुटू नयेत म्हणून अशा घटांची चळत कधी कधी मेणात बुडवून पाठविली जाते, आणि त्यामुळे विजेशी काडीचाही संबंध नसलेले एक प्रकरण या उद्योगाच्या आरंभीच उपटते. मेण काढण्यासाठी घटांची वीट कडकडीत, पण न उकळणाऱ्या पाण्यात ठेवावी लागते. मेण पासष्ट-सत्तर अंशांच्या आतबाहेर वितळून वर तरंगते आणि घट एकमेकांपासून सुटू लागतात. पाणी उकळले तर बुडबुड्यांच्या धक्क्यानेच घट फुटतात, आणि निवले तर मेण पुन्हा अंगावर बसते, म्हणून भात रटरटवण्यापेक्षा दूध उतू न देण्याचे कौशल्य येथे कामाला येते. ते कौशल्य घरातील ज्या व्यक्तींपाशी असते त्यांना चुलीपासून दूर राहण्यास सांगूनच कर्त्याने कामाला सुरुवात केलेली असते. दुसरे पाणी साबणाचे, तिसरे पुन्हा गरम, चौथे स्वच्छ, असे हे स्नान चालते, आणि न्हाऊ घातलेले घट नंतर जुन्या धोतरावर बाळंतिणीच्या खोलीतल्याप्रमाणे निगुतीने वाळत घातले जातात. पातेल्याचा प्रश्न यानंतर निघतो. मेणाचा थर पातेल्याच्या काठावर असा काही बसतो की पुढील तीन पिढ्यांच्या आमटीवर त्याचा तवंग दिसावा. त्यामुळे घरोघर एकच निवाडा होतो, तो असा की पातेले कर्त्याचे आणि नवे पातेले आणण्याची जबाबदारीही कर्त्याची.

आता मुख्य विधीकडे वळण्यास हरकत नाही. डाख उष्णतेने लागतो, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि घरगुती पॅनेलांच्या इतिहासातील बहुतेक अनर्थ तिच्यातूनच उद्भवले आहेत. वस्तुतः डाख लागतो तो स्वच्छतेने, उष्णता केवळ त्याला दारापर्यंत आणून सोडते. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन बहुतेक धातूंच्या पृष्ठावर ऑक्साइडचा एक अदृश्य थर साचत असतो आणि वितळलेला डाख या थराला शिवत नाही. अळूच्या पानावरील पाण्याप्रमाणे तो गोळी होऊन घरंगळतो. हा थर काढून टाकणाऱ्या आणि डाख बसेपर्यंत तो पुन्हा येऊ न देणाऱ्या पदार्थाला अभिवाह म्हणतात, बाजारात त्यालाच फ्लक्स हे नाव आहे. कल्हईवाल्याला हे तत्त्व पूर्वापार ठाऊक होते. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर कल्हई करताना तो आधी भांड्यात उभा राहून, कमरेतून गिरक्या घेत, पायांनी वाळू घाशी, मग भट्टीवर भांडे तापवून त्यात नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर निघे, आणि कथलाचा बोळा फिरताच क्षणात चंद्रप्रकाश पसरे. पाहणाऱ्या पोरांना ते शेवटचे क्षणभराचे काम म्हणजेच कल्हई वाटे, आणि पायांनी वाळू घासण्याचा अर्धा तास म्हणजे केवळ करमणूक. ती पोरे मोठी होऊन घरी पॅनेल बनवू लागली, हेच या कलेचे दुर्दैव.

नवसागराची आठवण निघाली की बघ्यांपैकी कोणी वडीलधारा तोच सौर घटावर टाकण्याचा सल्ला हमखास देतो. तो ऐकू नये, कारण नवसागराचे अवशेष हवेतील ओल शोषून घेऊन धातू कुरतडत राहतात. भांडे निदान रोज घासले जाते, पॅनेलमधील घट मात्र एकदा काचेआड गेला की पंचवीस वर्षे आंघोळ करीत नाही, निदान तशी अपेक्षा असते. घटासाठी राळेपासून केलेला सौम्य अभिवाह वापरतात आणि तो पेनातून मिळतो, त्यामुळे बसबारवर रेघ ओढणारा कर्ता काही काळ चित्रकारासारखा दिसतो. राळेचा धूर डोळ्यांना आणि दम्याला वाईट आणि नेहमीच्या डाखात शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवून काम करावे व हात धुतल्यावाचून भाकरीला शिवू नये. सोवळ्याच्या कल्पनेला विज्ञानाने दिलेला हा पाठिंबा एरवी तिच्यावर टीका करणाऱ्या तरुणांना फारसा रुचत नाही.

चांदीचे प्रकरण याहून नाजूक आहे. बसबार चांदीच्या लेपाचे असतात आणि वितळलेल्या कथलाला चांदीचा विलक्षण सोस असल्याने, आयर्नचे टोक जागेवर जरा अधिक रेंगाळले तर डाख बसबारवर बसण्याऐवजी बसबारच खाऊन टाकतो, आणि मग कर्ता दिसेनाशा झालेल्या पट्टीला तांबे चिकटविण्याचा प्रयत्न करीत राहतो. यावरचा उपाय असा की डाखातच सुमारे दोन टक्के चांदी आधीपासून मिसळून ठेवावी. पंगतीला नेण्यापूर्वी पोरांना घरीच चार घास भरवावेत, म्हणजे यजमानाच्या ताटावर ती तुटून पडत नाहीत, हा व्यवहार जगातील धातुशास्त्रज्ञांनी मान्य केल्याचे हे उदाहरण आहे. कथील आणि शिसे यांचा साठास चाळीस प्रमाणातील डाख १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो, आयर्नचे टोक मात्र ३५० अंशांजवळ ठेवतात, कारण घटाची रुंद पाठ उष्णता चहूकडे पांगवीत असते. रेडिओसाठी घेतलेले पंचवीस वॉटचे आयर्न येथे अपुरे पडते. ते जागच्या जागी थंडावते, पट्टीसह घटाला चिकटून बसते आणि उचलताना घटाचा तुकडा सोबत घेऊन येते. साठ वॉटचे, रुंद टोकाचे आयर्न घेऊन एक दमदार, न थांबणारी ओढ द्यावी लागते. त्यातच डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर ओढ अर्ध्यावर असतानाच लाइट जाते. वीज तयार करण्याचे साधन बनविण्यासाठी आधी वीज लागते, हे त्या अंधारात, हाती निवत चाललेले आयर्न धरलेल्या कर्त्याला जितके स्पष्ट दिसते तितके उजेडात कोणाला दिसत नाही.

घटांची जोडणी एकसर असते, म्हणजे एकाच्या निळ्या पोटावरील ऋण टोकापासून निघालेली कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची पट्टी पुढच्याच्या करड्या पाठीवरील धन टोकाला जाते, आणि अशी छत्तीस घटांची माळ गुंफली जाते. घट लहान असो वा मोठा, त्याचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपासच राहतो; आकाराने वाढतो तो फक्त प्रवाह. म्हणूनच फुटलेला अर्धा घटही दाब पूर्ण देतो आणि प्रवाह मात्र निम्मा, जे सेवानिवृत्तीनंतरच्या अधिकाऱ्यांच्या बाबतीतही दिसून येते. छत्तीस अर्धे मिळून अठरा व्होल्ट होतात, तेवढा दाब बारा व्होल्टची बॅटरी भरण्यास पुरतो, आणि तीन इंच बाय सहा इंचांचे घट असतील तर कडक उन्हात साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह मिळून पासष्ट वॉटचे पॅनेल तयार होते. ही मोजदाद घट पंचवीस अंशांवर असताना केलेली असते. सुरगाण्याच्या एप्रिल-मे महिन्यात काचेखालील घट साठीच्या पलीकडे जातो आणि तापला की दाब घटतो. त्यामुळे ज्या दिवशी ऊन जास्त त्या दिवशी त्याची उमेद कमी, या बाबतीत घट आणि मनुष्यप्राणी यांत फरक करता येत नाही.

तांबे आणि सिलिकॉन यांचा संसारही लक्षात घेण्याजोगा आहे. तापल्यावर तांबे सिलिकॉनच्या सहापटीहून अधिक पसरते आणि निवताना तितकेच आक्रसते. सहा इंच लांबीच्या पट्टीत डाख गोठल्यापासून हवेच्या तापमानाला येईपर्यंत दोघांच्या आक्रसण्यात सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरचे अंतर पडते, आणि बिचारा घट, ज्याची जाडी या अंतराहूनही कमी आहे, धनुष्यासारखा वाकतो. म्हणून दोन घटांच्या मध्ये पट्टीला हलका बाक देऊन ढील ठेवावी, असे जाणते सांगतात. कर्त्याला ती ढील गबाळेपणाची वाटते. तो पट्टी तारेसारखी ताणून बसवितो, रात्री हवा गार होते, आणि पहाटेच्या शांततेत टिच् असा एक बारीक आवाज येतो.

डाख पुरा झाला की अभिवाहाची चिकट पुटे पुसून काढावी लागतात, नाहीतर त्यांवर धूळ बसते, आणि वर चढविलेल्या पारदर्शक सिलिकोनमध्ये बुडबुडे धरतात. यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल हे द्रव्य आणि कान कोरण्याच्या कापसाच्या काड्या सांगितलेल्या आहेत. हे अल्कोहोल विषारी असून पिण्याचे नव्हे, ही सूचना बाटलीवर का छापावी लागते याचा ऊहापोह येथे अप्रस्तुत आहे. २०२० च्या साथीनंतर मात्र प्रत्येक घरात सॅनिटायझरच्या निम्म्या बाटल्या उरल्या, आणि त्यातही अल्कोहोलच असते या तर्काने कर्ता त्या घटांवर रिकाम्या करू लागला. तर्क बिनचूक होता. फक्त हातांची कातडी फाटू नये म्हणून सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन घातलेले असते आणि ते मागे राहते, त्यामुळे कर्त्याचे घट निर्जंतुक, मुलायम आणि धुळीला पूर्वीहून अधिक प्रिय झाले. त्यानंतर तो पुसतच राहिला. या टप्प्यावर माणसाच्या स्वभावात एक पालट होतो, जो शास्त्रकारांनी नोंदविलेला नाही: आयुष्यभर स्वतःचे ताट न उचललेला गृहस्थ कापसाची काडी घेऊन तास-तासभर निळ्या काचेवरील बोटांचे ठसे शोधू लागतो आणि घरातील मुलांनी त्या खोलीतून पाय धुऊन जावे असा आग्रह धरतो.

मग तपासणी. मल्टिमीटरची टोके माळेच्या दोन अंगांना लावताच वीस-एकवीस व्होल्ट दिसतात, घरात आनंदीआनंद होतो, आणि दिवा जोडताच तो लागत नाही. याचे कारण बहुधा थंड डाख असते. म्हणजे जो सांधा वरून चकचकीत किंवा दाणेदार दिसतो, पण मळावर किंवा अपुऱ्या उष्णतेवर बसल्यामुळे आत धरलेला नसतो. मल्टिमीटर दाब मोजताना प्रवाह जवळजवळ मागतच नाही, त्यामुळे असा नाममात्र सांधाही त्याला पूर्ण आकडा दाखवितो; दाब म्हणजे योजनेची घोषणा आणि प्रवाह म्हणजे खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम, हा भेद सुरगाण्यात कोणाला फार समजावून सांगावा लागत नाही. छत्तीस घटांच्या पोटा-पाठीवरील ठिकाणे मोजली तर सांध्यांची संख्या दोनशेच्या पुढे जाते, आणि एकसर जोडणीत एक घट रुसला की सगळी माळ त्याच्याच प्रवाहावर येऊन थांबते. कर्ता ते दोनशे सांधे कपाळाला आठ्या घालून पुन्हा तापवतो, त्यात पाच दुरुस्त होतात आणि दोन नवे बिघडतात.

वास्तविक हे काम करू शकणारे हात घरातच असतात. राजस्थानातील तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ साली सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजात अक्षरओळख नसलेल्या खेड्यांतील स्त्रिया, त्यातही देशोदेशींच्या आज्या, एकमेकींची भाषा येत नसताना केवळ रंगखुणांवरून सौर दिव्यांचे डाखकाम शिकतात. मुंबईच्या आयआयटीने २०१४ च्या सुमारास हाती घेतलेल्या दशलक्ष सौर दिव्यांच्या उपक्रमातही दिवे गावातीलच माणसांकडून जोडून घेण्यात आले आणि शाळकरी मुलांना ते १२० रुपयांत मिळाले. नागलीचे पापड हाताला न चिकटू देता थापणाऱ्या, उलटविणाऱ्या आणि एकही न मोडता डब्यात भरणाऱ्या आजीकडे सौर घट दिला असता काय झाले असते, याचा प्रयोग कर्त्याच्या घरी झालेला नसतो. तिच्या वाट्याला ‘लांबूनच बघ’ एवढी एकच भूमिका येते.

अखेरीस घट काचेवर पालथे मांडून सिलिकोन ओतले जाते, चौकट बसते, कडा बुजविल्या जातात आणि पॅनेल पडवीच्या उतरत्या छपरावर दक्षिणेकडे तोंड करून चढते. कारखान्यात हेच काम निर्वात यंत्रात, घटांच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचे पापुद्रे घालून, दीडशे अंशांच्या आसपास दाबून करतात, आणि तेथे राहणाऱ्या व घरी राहणाऱ्या फटींमधला फरक सुरगाण्याचा जून महिना कोणाचीही भीड न ठेवता सांगतो. परंतु जून अजून लांब असतो. मे महिना चालू असतो, सूर्य डोक्यावर येत असतो, आणि रोज सकाळी शिडी लावून कर्ता काच आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने इतकी लख्ख पुसतो की तीत आकाश दिसावे.

अशाच एखाद्या दुपारी घरात बॅटरीशेजारी बसलेल्या कर्त्याला दिसते की मापकावर दाब ठीक आहे आणि प्रवाह जवळजवळ शून्य. थंड डाखाचे हेच लक्षण असल्याने तो माळेचा नकाशा पसरतो, संशयित सांध्यांवर लाल फुल्या मारतो, सिलिकोन कापून काढण्यासाठी ब्लेड शोधतो, आयर्न तापत ठेवतो आणि शिडी चढतो. काचेवर नागलीचे चार पापड वाळत घातलेले असतात. आजीचे म्हणणे असे की घरादारात याच्याएवढी स्वच्छ जागा दुसरी उरलेली नाही, आणि तिचे म्हणणे खोडून काढणारा एकही मुद्दा कर्त्यापाशी नसतो. तो पापड एकेक करून उचलू लागतो. पहिला उचलतो, दुसरा, तिसरा, पण आतून मापकाकडे बघत ओरडणारा नातू काटा ढिम्म असल्याचेच कळवितो, आणि चौथा उचलताच काटा एकदम तीन अँपिअरच्या वर जातो. खाली अंगणात आजी पापड हाती घेऊन, बोटाने दाबून पाहते, आणि त्यांना अजून एक ऊन हवे होते, एवढेच म्हणते.